वावरातली आत्या

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढल्या सालची ही गोष्ट. कोकिळेच्या तीन लेकरांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण शाळेत जे शिकवतात त्यातलं बरंच त्यांना येत होतं. थोरली मैना नऊ वर्षांची, मधला नागो सातचा आणि धाकटा मारोती चारचा. घर गावात नव्हतं, वावरात होतं; आर्णीहून दिग्रसला जाणाऱ्या सडकेपासून बरंच आत, अरुणावतीच्या काठाला. गाव नदीपल्याड, आणि गावची चौथीपर्यंतची शाळाही तिकडेच. नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात पाणी चढलं की दोन्ही काठ एकमेकांना विसरून जायचे. उन्हाळ्या-हिवाळ्यात मुलं सहज ओलांडून गेली असती, पण वामनराव, म्हणजे कोकिळेचा नवरा, नको म्हणायचा. गावच्या शाळेत एकच मास्तर, तोही मनाला येईल तेव्हा येतो; त्यापेक्षा पुढच्या जूनात आपण दिग्रसला बिऱ्हाड करू, पोट्ट्यांना तिथल्या मोठ्या शाळेत घालू, असं त्याचं म्हणणं. दरवर्षी तो पुढचा जून पुढेच सरकत गेला. कोकिळा कधी कुरकुरली नाही. कपाशी साधली नाही, बैल बसला, सासरे वारले. काही ना काही कारण खरंच घडलेलं असायचं.

कोकिळा महागावला चौथी पास झालेली होती. त्या भागात तेवढं शिकलेली बाई शोधून सापडली नसती. जून येईपर्यंत मुलं अडाणी राहायला नकोत म्हणून तिनं घरीच शिकवायला घेतलं. सुपात राख पसरून तीवर बोटानं अक्षरं, सारवलेलं अंगण ओलं असताना तुराटीनं बेरजा, सरकीचे दाणे मोजून वजाबाकी. पण तिन्ही पोरं एका जागी बसणारी नव्हती. नागो अक्षर काढता काढता राखेत फुंकर मारायचा, मैनाचं नाक पांढरं व्हायचं, मारोती सरकी कानात घालायचा. मग कोकिळेनं एक खेळ काढला. दुपारी जेवणं झाली की सगळ्यांनी सोंग घ्यायचं. कोणी दुकानदार, कोणी गिऱ्हाईक, कोणी पोस्टमन, कोणी तहसीलदार. दुकानदारानं हिशेब चुकवायचा नाही, पोस्टमननं पत्ता वाचून दाखवायचा. आणि सोंग मोडलं, म्हणजे कोणी आपल्या खऱ्या नावावर आलं, की त्यानं उभं राहून पाढा म्हणायचा. नागो तर सोंगात इतका शिरायचा की तहसीलदार झाला की मायला "बाई, तुमचं गाऱ्हानं काय" असं विचारायचा आणि ओठ दुमडून हसू गिळायचा.

वामनराव बाजेवर पडून हे पाहत राही. एकदा म्हणाला होता, असी शाळा सरकारलेही जमनार नाई. ते एक वाक्य कोकिळेला कितीतरी दिवस पुरलं होतं.

त्या साली कपाशी चांगली साधली. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली तशी वामनराव बंडीत कापूस भरून दिग्रसला नेऊ लागला. जायला एक दिवस, बाजाराचा एक दिवस, यायला एक दिवस. मैना आणि नागोला तो बरोबर घेई. कापसाच्या ढिगावर बसून दोघं हात हलवत जायची. रामलाल नावाच्या अडत्याकडे मुक्काम असतो, असं वामनरावानं सांगितलं होतं. रामलालच्या बायकोला मूल नाही, ती पोरांना फार जीव लावते. कोकिळेला त्या न पाहिलेल्या बाईचं वाईट वाटलं. ती प्रत्येक खेपेला तिच्यासाठी काहीतरी बांधून देऊ लागली. ज्वारीचे बिबडे, जवसाची चटणी, एकदा स्वतःच्या हातानं शिवलेली पिशवी. परत येताना मैनाच्या वेण्या घट्ट, तेल लावून घातलेल्या असत, नागोची नखं कापलेली असत. लोक पैशाला पाहतात, पण माणूसही पाहतात असं तिला वाटे.

एका खेपेहून नागो आला तो पावकी म्हणत आला. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, न अडखळता. कोकिळेला पावकी कधी नीट आली नव्हती. महागावच्या मास्तरांनी छड्या मारूनही ती तिच्या डोक्यात बसली नव्हती. तिनं विचारलं, कोनं शिकवली रे? नागोनं मैनाकडे पाहिलं. मैना म्हणाली, रामलालशेठच्या घरी. मारवाड्याच्या बायकोला मराठी पावकी येते याचं कोकिळेला थोडं नवल वाटलं, पण हिशेबाचं घर, येत असेल. तिनं नागोला समोर बसवलं आणि त्याच्याकडून स्वतः ती शिकली. तो मास्तर झाला, ती विद्यार्थीण. चुकली की तो तिला कान धरायला लावी आणि मारोती लोळून लोळून हसे.

मैना मात्र बदलत चालली होती. सोंगाचा खेळ सुरू झाला की ती उठून जाई. डोकं दुखते म्हणे. कधी बसलीच तर पहिल्याच फेरीत मुद्दाम सोंग मोडी, पाढा म्हणून टाकी आणि मोकळी होई. संक्रांतीच्या आधीच्या खेपेला ती बंडीत चढेना. वामनरावानं तिला बैलांच्या पलीकडे नेऊन काहीतरी सांगितलं, तेव्हा चढली. पोरगी मोठी होत आहे, बापाबरोबर बाजारात फिरायला लाजत असेल, अशी कोकिळेनं समजूत करून घेतली.

पुढे आठेक दिवसांनी, दुपारची वेळ होती. वामनराव आर्णीला बैलांच्या खुरांना पत्री ठोकून आणायला गेला होता. वेचणीच्या बाया लिंबाखाली भाकरी खात होत्या. मारोतीनं हट्ट धरला की आज शाळेत नाव घालायचा खेळ खेळू. नागो हेडमास्तर झाला. पालथ्या टोपलीवर बसला. मारोती नवा विद्यार्थी आणि कोकिळा त्याला घेऊन आलेली. मैना दाराशी बसून तूर निवडत होती.

हेडमास्तरांनी नाव विचारलं. मारोतीनं सांगितलं. बापाचं नाव विचारलं. वामनराव. मायचं नाव? मारोती म्हणाला, कोकिळा.

"चूक," नागो म्हणाला. "पंचफुला म्हन."

मारोती गोंधळला. तो कोकिळेकडे बोट दाखवू लागला. नागो टोपलीवरून खाली वाकून त्याला समजावू लागला की तसं नाही, दिग्रसच्या शाळेत असं सांगायचं असतं, चुकला तर शाळेत घेत नाहीत. बाबांनी आपल्याकडून दहादा म्हणवून घेतलं आहे.

मैनाच्या हातातलं सूप थांबलं. कोकिळेच्या ते लक्षात आलं. काहीतरी कळायच्या आधीच तिला एवढं कळलं की आपण आता सोंग मोडलं तर पोरगा गप्प होईल. ती पदर नीट करून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, पंचफुला या पोराची माय, तर मंग मी कोन?"

"तू आत्या. वावरातली आत्या," नागो म्हणाला. "बाबाची बहीन. हिचा नवरा मेला म्हनून आमच्या इथं राह्यते."

तो हे अगदी छान म्हणाला. हेडमास्तरासारखं, मान वर करून. मग मायच्या चेहऱ्याकडे पाहून त्याची मान खाली आली आणि तो म्हणाला की हे फक्त दिग्रसलेच खेळायचं असतं, इथं खेळलं तर आपण हरतो, असं बाबांनी सांगितलं होतं. मी हरलो काय, असं त्यानं विचारलं. कोकिळा नाही म्हणाली. त्याला आणि मारोतीला तिनं लिंबाखाली रुपीबाईकडे पाठवलं.

मग ती मैनाजवळ जाऊन बसली. मैनानं वर पाहिलं नाही. हळूहळू, एकेक शब्द ओढून काढावा तसं सगळं बाहेर आलं. दिग्रसला रामलालकडे मुक्काम नसतोच. एक घर आहे, पुढं ओटा असलेलं. तिथं पंचफुलाबाई राहतात. त्या मुलींच्या शाळेत मास्तरीण आहेत. बाबांनी त्यांच्याशी पाट लावला आहे, मागच्या उन्हाळ्यात. बाबा म्हणाले, हा खेळ आहे. नागोला खेळ वाटला.

"अन् तुले?"

"मले समजलं होतं."

"तं मले काहून नाई सांगतलं?"

मैनानं तुरीतला एक खडा बाजूला टाकला. "बाबा म्हने, मायले सांगतलं तं शाळा नाई."

शाळा, शाळा हे कोकिळेनंच या पोरीच्या डोक्यात घातलं होतं. निजताना, भाकरी करताना, वेचणी करताना, तिथं मोठा फळा असतो, घंटा होते, मुली ओळीनं बसतात. ते ऐकून पोरगी अशी भुकेली झाली होती की तिनं ती भूक धरून ठेवली आणि माय सोडून दिली. असं कोकिळेला वाटलं, आणि मग नऊ वर्षांच्या लेकराबद्दल असं मनात आणलं म्हणून स्वतःचाच राग आला. पण वाटायचं ते वाटून गेलं होतं.

संध्याकाळी बाया घरी निघाल्या तेव्हा तिनं रुपीबाईला थांबवलं. रुपीबाई जवळच्या तांड्यावरची, कोकिळेच्या लग्नापासून वावरात येणारी. कोकिळेनं दोन वाक्यांत सांगितलं. रुपीबाईनं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं नाही. तिचा भाऊ दिग्रसला बंड्या हाकायचा. ती म्हणाली, "मालूम होतं, बाई. तुह्या तोंडावर कोन सांगन?" आणि रस्त्याला लागली. तिच्या मागून जाणाऱ्या बायांच्या पाठींकडे पाहताना कोकिळेला वाटलं, या सगळ्यांनाच ठाऊक असेल. आपण बिबडे बांधत होतो तेव्हाही.

वामनराव आर्णीहून आला. तिनं त्याला वाढलं. तो बैलांच्या पत्र्यांबद्दल, लोहार कसा लबाड आहे त्याबद्दल बोलत होता. मारोतीला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात घास देत होता. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. काहीतरी दिसेल, डोळे तरी चुकवेल, असं तिला वाटत होतं. काही दिसलं नाही. तो रोज जसा होता तसाच होता. म्हणजे इतके दिवस तो जसा दिसत होता त्या दिसण्याला काही अर्थच नव्हता. हेच तिला सगळ्यात जास्त सोसेना.

शुक्रवारी बंडी भरली. तो मुलांना हाक मारू लागला तेव्हा कोकिळा म्हणाली, या खेपेले राहू द्या, मारोतीचा खोकला यांनाही लागला. वामनराव एकटाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिघांना आंघोळी घातल्या, रुपीबाईला घरावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि सडकेवर येऊन दिग्रसची मोटार धरली.

दिग्रसच्या मोटारस्टँडवर उतरल्यावर तिनं नागोला फक्त म्हटलं, चाल. तो आधी मैनाकडे बघू लागला. मग निघाला. सरकी काढायच्या जिनाच्या भिंतीकडेनं, तेल्याच्या दुकानापाशी वळून, एका गल्लीत. रस्ता त्याला इतका पाठ होता की तो मध्येच एका पायावर उड्या मारू लागला. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. ओट्यावर एक बाई तांब्यात पाणी घेऊन पाय धूत होती. तिशीच्या आतबाहेरची, सावळी, स्वच्छ पांढऱ्या लुगड्यातली. पोरं पाहताच तिचा चेहरा उजळला, आणि मागून कोकिळेला पाहून ती लगबगीनं उठली.

"या वन्सं, या. ह्यांना किती दिवस म्हणते आहे, वन्संना एकदा घेऊन या. मुलं तुमचं इतकं सांगतात." आणि तिनं वाकून नमस्कार केला. तिला वाकायला जड जात होतं. सातवा महिना असावा. कोकिळेचा हात, कोणीही पाया पडलं की जातो तसा, तिच्या डोक्यावर गेला.

आत सगळं नीटनेटकं होतं. नागो सरळ मागच्या खोलीत जाऊन पाणी पिऊन आला. दोरीला टांगलेल्या डब्याखाली कोकिळेनं शिवलेली पिशवी खुंटीला लटकत होती. मैना उंबऱ्यातच उभी राहिली. पंचफुलाबाईनं सतरंजी अंथरली, चहाला आधण ठेवते म्हणाली. कोकिळेनं तिला बसायला सांगितलं. मुलांची माय कशी गेली, म्हणून तुम्हाला सांगितलं, असं तिनं विचारलं.

पंचफुलाबाईनं आवाज खाली आणला. धाकट्याच्या बाळंतपणात ना, म्हणाली. मुलांसमोर नको बोलायला. मग मारोतीकडे पाहून तिचे डोळे भरून आले. "हाच ना तो? ये रे बाळा." तिनं हात पुढे केला.

मारोतीला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. तो मागे सरकून कोकिळेच्या मांडीत शिरला आणि म्हणाला, "माय, भूक लागली."

"तुम्हालाच माय म्हणतो," पंचफुलाबाई म्हणाली. "साहजिकच आहे."

"माय हावो म्हनूनच म्हनते," कोकिळा म्हणाली. "तिघायचीही. मी कोनाची बहीन नाई."

पंचफुलाबाई हसली, जणू खेड्यातल्या बाईचं काहीतरी बोलण्यात चुकलं. मग ते हसू तसंच राहिलं आणि खालून चेहरा निघून गेला. ती मैनाकडे वळली. मैनानं दाराची चौकट धरली होती. मैना, खरं आहे का, तिनं विचारलं. मैना म्हणाली, हव.

चुलीत लाकूड तडतडत होतं. पंचफुलाबाई उठून उभी राहिली, पुन्हा बसली. आणि मग तिचा आवाज एकदम कोरडा झाला. तुम्ही इतके दिवस कुठं होता, तिनं कोकिळेला विचारलं. तुमचा नवरा महिन्यातून चारदा इथं येतो, मुलांना आणतो, आणि तुम्हाला कळत नाही? मी पहिला नवरा गेल्यावर सहा वर्षं एकटी काढली, कोणाच्या दारात गेले नाही, हे सगळं दिग्रस सांगेल. मला कोणी मागणी घातली तर मी आधी मुलं पाहिली. ही मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजत होती. ती पुन्हा मैनाकडे पाहून म्हणाली, "तू सुद्धा मला फसवलंस?"

मैना रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. कोकिळेला त्या क्षणी उठून तिला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि धरता आलं नाही. कारण तोच प्रश्न तिच्याही ओठांवर गेले तीन दिवस होता. दोन बाया एका पोरीकडे पाहत बसल्या होत्या आणि दोघींची तक्रार एकच होती.

इतक्यात वामनराव आला. ओट्यावरच्या चपला पाहून तो थांबला असावा, कारण पावलं थांबली आणि मग हळू आत आली. त्यानं दोघींकडे पाहिलं, टोपी काढली, खुंटीला लावली.

"आली काय," तो म्हणाला. "एक दिवस होनारच होतं. जूनात सांगनारच होतो तुले."

"काय सांगनार होते? मी मेली म्हनून?"

त्याला राग आला नाही. तो समजूत घालणाऱ्या माणसासारखा बोलू लागला. तुले काय कमी केलं, वावर तुह्याच हातात हाय, घर तुह्यं हाय, कोनी काढून राह्यलं काय तुले? आनि पोट्टे शिकले पायजेत हे कोनाचं म्हननं होतं? "तुह्यंच न? तुह्यानं चौथीच्या पुढे शिकवनं होते काय? हे मास्तरीन हाय. हिच्या हाताखाली पोट्टे कुठच्या कुठं जातीन. मी पोट्ट्यायसाठीच केलं."

नवरा मेला असं लेकरानं तोंडावर म्हटलं तेव्हा कोकिळेला जे झालं नव्हतं ते आता झालं. तिला वाटत होतं की बाकी काही असो, मुलांचं शिकणं हे त्या दोघांचं मिळून आहे. तो बाजेवर पडून हसायचा तेव्हा तो तिच्या बाजूनं हसत होता. खरं तर त्या वेळी तो खेळ कसा खेळतात ते पाहत होता. आणि त्यानं तो शिकून घेतला होता, तिनं पावकी शिकून घ्यावी तसा.

पंचफुलाबाई म्हणाली, "तुम्ही आधी बाहेर व्हा."

तो तिच्याकडे पाहत राहिला. ती पुन्हा म्हणाली नाही. तो टोपी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला, आणि जरा वेळानं विडीचा वास आत आला.

कोकिळा मुलांना घेऊन निघाली. पंचफुलाबाईनं तिला थांबवलं नाही, पण एका फडक्यात चार पोळ्या आणि गूळ बांधून मारोतीच्या हातात दिलं. ओट्यावरून उतरताना वामनराव म्हणाला, थांब, बंडीनं सोडतो. तिनं ऐकलं नाही असं केलं. मोटारीत नागोनं दोनदा विचारलं की जूनात शाळेत जायचं आहे ना. ती खिडकीबाहेर बघत होती.

महागावहून कोकिळेचा भाऊ आला. आता कायदा झाला आहे, एक बायको असताना दुसरी करता येत नाही, फिर्याद केली तर आत जाईल, असं त्यानं सांगितलं. नाहीतर चल घरी. कोकिळेनं दोन्ही केलं नाही. तुरुंगात गेला तर ते दिग्रसचं येणारं लेकरूही उघड्यावर पडणार, आणि भावाच्या घरी गेलं तर वावर सुटणार. वावर त्याच्या नावाचं होतं, पण राबणं तिचं होतं. ती तिथंच राहिली. वामनराव पंधरा-वीस दिवसांनी येई. ती त्याला पान वाढून बाहेर लिंबाखाली जाऊन बसे. तो मुलांशी बोले, पिकाचं पाही, जाई. कधीतरी त्यानं तिला बोलतं करायचा प्रयत्न केला. तिनं एवढंच सांगितलं की पोट्टे मी शाळेत घालतो, तुमी त्यात पडू नका.

जून लागताच, नदीला पाणी चढायच्या आधी, ती तिघांना घेऊन पल्याड गेली. मारोती कडेवर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. गावच्या मास्तरांनी वाचायला दिलं, हिशेब घातले, आणि नागोला दुसरीत, मैनाला एकदम चौथीत बसवलं. पोरांना घरी कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. नागो म्हणाला, मायनं. मैना काही बोलली नाही. पूर आला की शाळा बुडे, उतरला की पुन्हा सुरू होई. तसंच वर्ष गेलं.

घरात एक गोष्ट बदलली होती, ती बाहेरून कोणाला दिसली नसती. मैना म्हणाली, पानी भरलं, की कोकिळा जाऊन माठात पाही. मैना म्हणाली, बैल बांधले, की कोकिळा गोठ्यात डोकावून येई. ती हे मुद्दाम करत नव्हती; पाय आपोआप जात. मैनाच्या ते लक्षात आलं होतं. माय परत येईपर्यंत ती जागेवर उभी राही, पुढच्या प्रश्नाची वाट बघितल्यासारखी.

मैना चौथी पहिल्या नंबरानं पास झाली. पुढची शाळा दिग्रसला. दिग्रसच्या बंडीवाल्याबरोबर पंचफुलाबाईचा निरोप आला की मुलगी माझ्याजवळ राहिली तरी चालेल, माझ्याच शाळेत येईल. कोकिळेनं निरोपाला उत्तर पाठवलं नाही. मैनानं हट्ट केला नाही, रडली नाही. तिनं शाळेचं नावच काढणं सोडलं. पहाटे उठून बायांच्या बरोबरीनं निंदणाला जाऊ लागली. एक दिवस कोकिळेनं तिला वावराच्या धुऱ्यावर बसलेली पाहिली, बाकी बायांसारखीच पाय पसरून, हातातला विळा मातीत टोचत. दहा-अकरा वर्षांची पोर चाळीस वर्षांच्या बाईसारखी दिसत होती. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरी थापता थापता कोकिळा म्हणाली, सामान बांध.

पंचफुलाबाई दारातच होती. कडेवर वर्षाची मुलगी, नाक थेट वामनरावाचं. ह्या वेळी तिनं वन्सं म्हटलं नाही, ताई म्हटलं. दोघी ओट्यावरच उभ्या राहिल्या. थोडा वेळ मुलीच्या दातांबद्दल, पावसाबद्दल बोलल्या. मग कोकिळेनं विचारलं, थे इथं येतेत काय.

"येतात. मुलीला बघतात, ओट्यावर बसतात, जातात."

कोकिळेनं ते खरं मानलं नाही, खोटंही मानलं नाही. मैनाचं गाठोडं तिनं आत नेऊन ठेवलं. मैना तिच्या पाया पडली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं दिसलं; पण बाळ रडायला लागलं, तिनं ते पंचफुलाबाईच्या कडेवरून घेतलं आणि घेतल्याबरोबर ते गप्प झालं. बाळाची आणि मैनाची चांगली ओळख होती. म्हणजे मैना मधल्या काळातही इथं आली असावी, वामनरावाबरोबर, आर्णीच्या बाजाराच्या नावाखाली. कोकिळेनं विचारलं नाही. मोटारीची वेळ झाली होती.

दिवाळीला मैना घरी आली. उंच झाली होती. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी. नागो तिच्या पिशवीवर तुटून पडला, मारोती तिच्याभोवती घिरट्या घालू लागला. उन्हातून चालत आल्यानं तिचा चेहरा लाल झाला होता. ती बाजेवर टेकली आणि म्हणाली, "आई, मला पाणी दे."

मारोतीला हसू आवरेना. मला, मला, करत तो अंगणभर नाचला. कोकिळेनं माठातलं पाणी गडव्यात काढलं आणि तिच्या हातात दिलं. मैना घटाघटा प्यायली. गडवा परत देताना तिनं मायकडे पाहिलं.

"तिकडे सगळे असंच बोलतात," ती म्हणाली.

"बोलत असतीन," कोकिळा म्हणाली आणि गडवा घासायला घेतला.